थंडीतली उन्हाळी

कस्तुराबाईच्या लेकीचं, संघप्रियाचं लग्न पिंगळीच्या पाहुण्यांत झालं, ते साल दोन हजार बावीस. कस्तुराबाईच्या दोन्ही नाती त्या लग्नात एकाच ताग्यातले परकर घालून मिरवल्या. थोरली धम्मशीला आठ वर्षांची, लाजरी. धाकटी अर्पिता सहाची, आणि तिला लाज कशाशी खातात हे माहीत नव्हतं. तिनं भर मांडवात नवरदेवाला विचारलं, "आमची आत्या नेयलाव, पण परत कवा आणून सोडताल?" पाहुणे पोट धरून हसले.

त्याच वर्षी दिवाळी सरली आणि कापूस वेचणीचे दिवस आले. कस्तुराबाईचा मुलगा सिद्धोधन मानवतला जिनिंगमध्ये कामाला जायचा. सून विशाखा दगडाबाईच्या रानात वेचणीला जायची आणि पोरींना सोबत न्यायची, कारण कस्तुराबाईचे गुडघे धरले होते आणि दोन पोरींमागं धावणं तिला होत नव्हतं. त्या दिवसांत दोघींच्या पायांवर खरूज उठली. खाजवून खाजवून पुळ्या झाल्या, पुळ्यांत पू धरला. गावात कुणाच्या लेकराच्या पायावर पुळ्या नव्हत्या? करंजाचं तेल लावलं, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतलं, पंधरा दिवसांत खपल्या धरल्या. पुळ्या बऱ्या झाल्या आणि सगळे त्या विसरले.

सहा डिसेंबरला वस्तीतले सगळे विहारात जमले होते. बायकांचं लक्ष अर्पिताच्या गालांकडं गेलं. गाल फुगलेले, डोळे बारीक झालेले, पायावरचे पैंजण रुतलेले.

"पोरीनं बाळसं धरलं की गं, कस्तुराबाई. काय खाऊ घालायलीस?"

कस्तुराबाईची छाती फुगली. ही पोर जन्मापासून काडीसारखी. दृष्टबिष्ट मानायची नाही असं त्या घरात कधीच ठरलेलं, तरी तिनं कुणाला न दिसता पोरीच्या कानामागं काजळाचं बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची, आणि तीही दोन घोट. कस्तुराबाईनं ते पाहिलं आणि ती तशीच दगडाबाईच्या दारात गेली.

दगडाबाई म्हणजे गावातलं मोठं घर. दोघी एकाच वर्षी सुना होऊन गावात आलेल्या, एक त्या आळीला, एक या वस्तीला. कस्तुराबाईनं तीस वर्षं दगडाबाईच्या रानात खुरपं चालवलं. दगडाबाई तिला "कस्तुरा" म्हणायची, ही तिला "दगडाबाई" म्हणायची, आणि हा फरक दोघींपैकी कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. दगडाबाईला झाडपाला कळायचा. मुरडा असो, मुका मार असो, गाव आधी तिच्या ओट्यावर जायचं.

दगडाबाईनं एवढंच विचारलं, "जळजळ होती का?"

"सांगता येईना तिला. पर लाल व्हायली, अन् लय थोडी."

"मग उन्हाळी हाय. दुसरं काय असणार?"

या भागात लघवीची कुठलीही तक्रार असू द्या, आग होवो, थेंब थेंब होवो, रंग बदलो, तिचं नाव एकच, उन्हाळी. शरीरात ऊन साठलं म्हणजे ती लागते आणि पाण्यानं ती उतरते, हे लहान लेकराला पण ठाऊक. दगडाबाईनं धने-जिऱ्याची पुडी बांधून दिली. रात्री भिजत घालायचं, सकाळी गाळायचं, खडीसाखर टाकून पाजायचं. बेंबीवर ओलं फडकं ठेवायचं.

"अन् हात आखडू नको. जेवढं पाणी पाजशील तेवढी लवकर उतरंल."

कस्तुराबाईनं हात आखडला नाही. तीन दिवस तिनं तांब्यानं पाणी पाजलं. धन्याचं झालं की मीठ-साखरेचं, ते झालं की साधं. पोर तोंड फिरवायची. "आज्जे, पोटात जागा न्हाई." मग आजी लाडीगोडी लावायची, हा घोट आत्याच्या नावाचा, हा मामाच्या नावाचा, हा सोनपेठच्या आजीचा. सोयऱ्यांची नावं संपली तेव्हा तिनं गावातल्या कुत्र्यांची नावं घेतली. पोर हसली आणि प्याली.

चौथ्या दिवशी सकाळी पोरीला आडवं पडता येईना. आडवं केलं की दम लागायचा. सिद्धोधननं जीप आणली. जीप डांबरी सडकेला लागायच्या आत आजीच्या मांडीवर पोर गेली.

तेराव्या-चौदाव्या दिवशी भाऊसाहेब घरी आले. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक परमेश्वर, स्वभावानं बरा माणूस, पण तीन गावांचा कारभार गळ्यात आणि मोटारसायकलीला स्टँड लावायला वेळ नाही. त्यांनी गाडीवर बसूनच कागद काढला.

"पोरगी कशानं गेली?"

सिद्धोधन खाली मान घालून बसला होता. विशाखा घरातून बाहेर आली नाही. उत्तर कस्तुराबाईनं दिलं.

"उन्हाळी लागली व्हती."

भाऊसाहेबांनी काहीतरी लिहिलं आणि ते गेले.

पुढचं वर्ष विशाखाला जड गेलं. उन्हाळी म्हणजे ऊन, आणि ऊन म्हणजे रान. लेकराला रानात कोण घेऊन गेलं? आडावर, पिठाच्या गिरणीवर, बाजारच्या जीपमध्ये बायका हलक्या आवाजात बोलायच्या, पण विशाखाला ऐकू जाईल एवढ्याच हलक्या. "कापसापायी लेकरू उन्हात घातलं." डिसेंबरातलं ऊन ते कसलं, अंगावर घ्यावंसं वाटणारं. पण बोलणाऱ्याला ऋतू लागत नाही. विशाखानं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. ती वेचणीला जायची बंद झाली. घरात बोलायची तीही कामापुरतं.

मग पुढचा भादवा आला आणि धम्मशीलाच्या पायांवर पुळ्या उठल्या.

पुळ्या वाळल्या. त्यानंतर वीसेक दिवसांनी एका सकाळी धम्मशीला उठून बसली तेव्हा तिचे डोळे उघडत नव्हते, एवढ्या पापण्या सुजल्या होत्या. शेजारीण कडूबाई दूध द्यायला आली होती. तिनं पोरीकडं पाहिलं आणि कौतुकानं म्हणाली, "हिनं बी बाळसं धरलं वाटतं."

कस्तुराबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"धम्मे, लघवीला कसली झाली गं?"

पोर लाजली. मग म्हणाली, "चहावानी."

कडूबाई म्हणाली, "उन्हाळी असंल. थांबा, मी धने..."

"धन्याचं नाव काढू नको," कस्तुराबाई म्हणाली. "पाण्याचं बी काढू नको. माठावर झाकण ठेव अन् जा."

"अवो, पण लेकराला तहान..."

"जा म्हणले ना."

तिला काही कळलं होतं असं नाही. तिला फक्त एवढं दिसत होतं की मागच्या वेळी असंच तोंड होतं, अशीच लघवी होती, आणि गावानं सांगितलेलं सगळं करून पोर गेली होती. मग या वेळी गाव सांगेल त्यातलं काहीच करायचं नाही. पीठ लागल्या हातांनीच तिनं विशाखाला हाक मारली, आणि अर्ध्या तासात दोघी पोरीला घेऊन सडकेवर यष्टीची वाट बघत उभ्या होत्या. वाटेत लोक विचारायचे, कुठं निघालाव? कस्तुराबाई सांगायची, परभणीला. काय झालं? तर म्हणायची, "तेच इचारायला जायलोत."

परभणीच्या सरकारी दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोरीच्या दंडाला बारका पट्टा गुंडाळला.

"हे काय करायलाव?" कस्तुराबाईनं विचारलं.

"बीपी बघतेय आजी."

"लेकराला कुठं बीपी असतं? ते तर सरपंचाला हाय."

डॉक्टरीण हसली, पण आकडा पाहून तिचं हसू गेलं. तिनं पोरीच्या पायावरचे पुळ्यांचे डाग पाहिले, ते कधी उठले हे विचारलं, लघवी तपासायला पाठवली. मग नर्सला दोनतीन गोष्टी भराभर सांगितल्या. मीठ बंद. पाणी मापानं, मापाच्या वर एक घोट नाही. लघवी व्हायचं औषध. रोज सकाळी वजन.

दोन दिवसांनी पोरीची लघवी वाढली आणि तोंड उतरायला लागलं, तेव्हा डॉक्टरीण खाटेच्या कडेला टेकली. काय झालं होतं ते तिनं समजावून सांगितलं. पुळ्यांमध्ये जंतू असतात. शरीर त्यांच्याशी भांडतं. पुळ्या बऱ्या होतात, पण त्या भांडणाची झळ पोटातल्या मूत्रपिंडाला बसते. मूत्रपिंडात बारीक बारीक चाळण्या असतात, त्या सुजतात. त्यांतून रक्त गळतं आणि पाणी मात्र गळत नाही, ते अंगात साठतं. तोंड सुजतं, बीपी चढतं, छातीत पाणी भरतं. मूत्रपिंडाचा दाह म्हणतात त्याला.

कस्तुराबाईनं पिठाची चाळण आयुष्यभर हातात धरली होती. तिला सगळं समजलं.

"म्हणजे चाळण बुजली असताना वरून पाणी वतलं, तर?"

डॉक्टरीण तिच्याकडं वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "कुणाला पाजलं होतं, आजी?"

कस्तुराबाईनं सांगितलं. गाल, पैंजण, कोरा चहा, तांब्या, कुत्र्यांची नावं, सगळं. विशाखा खाटेच्या पलीकडं उभी होती. तिनं पहिल्यांदाच ते सगळं एका दमात ऐकलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं आजी," डॉक्टरीण म्हणाली. "आणि नुसत्या पाण्यानंच गेली असंही मी म्हणणार नाही. आजारच जोराचा असेल."

"म्हाईत नव्हतं हे खरं. पाजलं हे बी खरं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "असं लय लेकरांना होतं का?"

"जगात दर वर्षी चार-पाच लाख लेकरांना होत असेल. गरीब देशांतच जास्त. जिथं दाटीवाटीनं राहावं लागतं, पुळ्यांना औषध मिळत नाही, तिथं. वेळेवर आली तर बहुतेक सगळी बरी होतात. चार-पाच हजार दगावतात असा अंदाज आहे."

"अंदाज?"

"नक्की आकडा कुणाकडंच नाही. ज्या गावांत लेकरं जातात, तिथं ती कशानं गेली हे लिहिलंच जात नाही. किंवा दुसरंच काहीतरी लिहिलं जातं."

कस्तुराबाईनं धम्मशीलाच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "अंदाज आमी भाकरीच्या पिठाचा करतो. लेकराचा न्हाई करत." आणि पदर सावरून पुढं म्हणाली, "आमची त्यात हाय का न्हाई?"

"कशात?"

"त्या चार-पाच हजारांत."



धम्मशीला अकराव्या दिवशी घरी आली. बाराव्या दिवशी कस्तुराबाई ग्रामपंचायतीत गेली. तिच्या हातात डॉक्टरीणबाईनं दिलेलं पत्र होतं. आजीनं सांगितलेली लक्षणं मूत्रपिंडाच्या दाहाशी जुळतात, एवढंच त्यात होतं. मेलेल्या लेकराला तपासता येत नाही, याहून जास्त मला लिहिता येणार नाही, असं बाई सरळ म्हणाली होती, आणि तिचा सरळपणा कस्तुराबाईला आवडला होता.

भाऊसाहेबांनी कपाटातून गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि नोंदीची नक्कल टेबलावर ठेवली. कस्तुराबाई अक्षरं शिकली ती पंचावन्नाव्या वर्षी, बचत गटाच्या वर्गात. बोट ठेवून वाचायची सवय तिची गेली नव्हती. नाव वाचलं, वय वाचलं. 'मृत्यूचे कारण' या रकान्यापुढं तिचं बोट अडलं.

"उ. मग हा अर्धा पोटफोड्या ष. त्याला मा. उष्मा. घात." तिनं वर पाहिलं. "हे काय लिव्हलंय?"

"उष्माघात. म्हणजे ऊन लागून मरण. तुमीच सांगितलं होतं ना, उन्हाळी म्हणून?"

"भाऊसाहेब, पोरगी गेली तवा तुमी सेटर घालून आलता."

भाऊसाहेबांनी कागद आपल्याकडं ओढून पुन्हा वाचला. तारीख वाचली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आजी, मी पलीकडच्या जिल्ह्यातला. आमच्याकडं त्या आजाराला दुसरं नाव हाय. मला वाटलं, ऊन."

"तुमची चूक निम्मी. निम्मी माझी, मी सांगितलं म्हणून. आता दुरुस्त करा."

"अवो, दाखल्यावर कारण नसतंच. दाखला तुमाला बरोबर दिलाय. रेशनकार्डातलं नावबी कमी झालं. आता कशाला?"

"दाखल्यावर नसतं, मग कुठं असतं?"

"हा खालचा भाग असतो ना, तो वर जातो."

"वर म्हणजे?"

"तालुक्याला."

"तिथून?"

"जिल्ह्याला. मग पुण्याला. मग दिल्लीला असंल."

"अन् दिल्लीच्या वर?"

"मला काय म्हाईत आजी, मी दिल्ली बी बघितली न्हाई."

"म्हणजे माझी नात थंडीच्या दिवसांत उन्हानं मेली, हे दिल्लीपस्तोर समद्यांनी वाचलं, अन् एकानं इचारलं न्हाई."

भाऊसाहेब टेबलावरची शाईची बाटली उगाच सरकवत राहिले. मग खरं ते बोलले. दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडता येत नाही, पण शेजारच्या समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करता येते. त्याला अर्ज लागतो, आणि ज्यांना घडलेलं माहीत आहे अशा दोन भरवशाच्या माणसांचं लेखी लागतं. वरून मंजुरी आणावी लागते. "पण मरणाचं कारण दुरुस्त करायला माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत कुणी आलं न्हाई."

"मग मी आले."

त्या दिवशी सिद्धोधन कामावरून आला आणि त्याला ते समजलं. तो हातपाय न धुताच ओसरीत बसला.

"माय, हे सोडून दे."

"कामून?"

"तुला कळायलंय का, काय लिव्हणार तू? मूत्रपिंड सुजलं असताना पाणी पाजलं. उद्या पूर्ण गाव म्हणंल, आजीनं पाजून मारली. आज निदान उन्हाचं नाव हाय. उन्हाला कुणी जबाब इचारत न्हाई."

"उन्हाला इचारत न्हाई. हिला इचारत्यात," कस्तुराबाईनं चुलीकडं बोट केलं. विशाखा पाठमोरी बसली होती. "वरीस होत आलं. गिरणीवर जाती ती मान खाली घालून, येती ती मान खाली घालून. तुला दिसलं न्हाई का?"

"बाया बोलत्यात. बोलू दे. इसरतील."

"तू म्हणतूस, नाव माझ्यावर यील. मग येऊ दे. माझ्या हाताचं हाय ते. ह्या पोरीच्या डोक्यावर कामून ठुयाचं?"

"अन् कागदानं काय व्हणार हाय? अर्पिता उठून यील?"

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकवेना. चुलीपुढून विशाखाचा आवाज आला. इतक्या दिवसांत तो आवाज घरानं ऐकला नव्हता.

"आत्याबाईंना लिव्हू द्या."

सिद्धोधननं तिच्याकडं पाहिलं.

"मी तिला सावलीत ठुलं व्हतं," विशाखा म्हणाली. "बांधाच्या बाभळीखाली. डोक्याला माझा रुमाल बांधला व्हता. हे एकदा कुठंतरी लिव्हलं जाऊ द्या."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. सिद्धोधन उठून हातपाय धुवायला गेला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

दोन भरवशाच्या माणसांपैकी एक विशाखा झाली. दुसरं माणूस कोण, हे कस्तुराबाईला पहिल्यापासून माहीत होतं, आणि म्हणूनच ती दोन दिवस टाळत होती. तिसऱ्या दिवशी ती दगडाबाईच्या ओट्यावर गेली.

दगडाबाई तूर पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं.

"म्हणजे मी मारली तुझी नात?"

"मी असं म्हणाले न्हाई."

"मग काय म्हणायलीस? इतकी सालं गाव माझ्या दारात आलं. माझ्या पाण्यानं किती लेकरं उठली, मोजलीस का?"

"उठली ती उठली. त्यातलं एक माझं बी हाय, सिद्धोधनचा मुरडा तुमीच बरा केला. पर एक गेलं. तुमी सांगितलं, मी पाजलं. पाजल्याची सही मी करणार हाय. सांगितल्याची तुमची पाहिजे."

"अन् न्हाई दिली तर?"

"तर मी माझ्या अर्जात लिव्हणार हाय की दुसरं भरवशाचं माणूस गावात व्हतं, पर त्यानं सही दिली न्हाई."

"तीस वरीस माझ्या रानात राबलीस, कस्तुरा, अन् आज दारात येऊन अशी बोलायलीस."

"तीस वरीस रानात राबले, तवा रानातलं बोलले. हे घरातलं हाय."

दगडाबाईनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. फोलपटं उडत होती. कस्तुराबाई उठली नाही. ओट्यावर बसायची तिची जागा पायरीवर असायची. आज ती वर, भिंतीला टेकून बसली होती. दगडाबाईनं ते पाहिलं होतं आणि ती काही बोलली नव्हती.

पाखडता पाखडताच दगडाबाई म्हणाली, "परवा रुख्मिणीचा पोरगा आणला व्हता. लघवी लाल म्हणून."

कस्तुराबाई पुढं सरकली. "मग?"

"मग काय. धने दिले."

"त्याचं तोंड सुजलंय का?"

"बघितलं न्हाई." दगडाबाईचा हात थांबला. "काय काय बघावं लागतं?"

"सकाळी डोळे सुजत्यात का बघायचं. लघवी कोऱ्या चहावानी हाय का, अन् कमी झाली का. तीन आठवड्यांमागं अंगावर पुळ्या व्हत्या का, न्हाईतर घसा धरला व्हता का. असंल, तर पाणी पाजायचं न्हाई, मीठ द्यायचं न्हाई, थेट दवाखाना."

दगडाबाईनं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं, जसं ती आपल्या पाल्यांची नावं घोकायची तसं. मग पायांत चप्पल सरकवली आणि कस्तुराबाईकडं न बघता रुख्मिणीच्या घराकडं चालायला लागली. त्या पोराचं तोंड सुजलं नव्हतं. लघवी लाल झाली त्याच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेलं बीट त्यानं पोटभर खाल्लं होतं, तेवढंच. पण दगडाबाईनं पोराला उन्हात उभं करून त्याच्या दोन्ही पापण्या बोटानं दाबून पाहिल्या, तेव्हाच तिनं त्याला सोडलं.

सोमवारी ग्रामपंचायतीत गर्दी होती. खिडकीला माणसं लटकली होती, कारण बातमी आधीच पोचली होती. कस्तुराबाई आणि विशाखा बाकावर बसल्या होत्या. भाऊसाहेब घड्याळ बघत होते. अकरा वाजून गेल्यावर दगडाबाई आत आली. तिच्या मागं तिचा मुलगा बन्सीधर होता आणि तो तिला हलक्या आवाजात परत चल म्हणत होता.

"तू गप ऱ्हा," ती त्याला म्हणाली. "दवा मी दिली का तू?"

ती बाकावर बसली, विशाखाच्या शेजारी. भाऊसाहेबांनी तिच्यापुढं कागद सरकवला.

"मला वाचता येत न्हाई. कस्तुराला येतं. तिनं वाचावं, समद्यांना ऐकू जाईल असं."

कस्तुराबाई उभी राहिली. अर्ज तिनं स्वतः लिहिला होता, चार दिवस लागले होते, दोन कागद फाडले होते. बोट ठेवून तिनं वाचायला सुरुवात केली.

"मी कस्तुराबाई भीमराव खंदारे, वय अडुसष्ट. माझ्या नातीच्या पायांना पुळ्या झाल्या होत्या. त्या वाळल्यावर तिचे तोंड व पाय सुजले. आम्ही त्याला बाळसे समजलो. तिला लघवी चहासारखी व थोडी झाली. आम्ही त्याला उन्हाळी समजलो. दगडाबाईने धन्याचे पाणी सांगितले व मी ते तीन दिवस पाजले. तो आजार पाण्याने उतरणारा नव्हता. मी भाऊसाहेबांना उन्हाळी सांगितली, ती माझी चूक. त्यांनी उष्माघात लिहिला, ती त्यांची. पोरीची आई तिला रानात नेत होती, पण सावलीत ठेवत होती. ऊन कुणी लावले नाही. तरी डॉक्टरीणबाईच्या पत्रातले खरे कारण लिहावे."

बन्सीधर दाराबाहेर बघत होता.

"काही जास्त हाय का त्यात, काही कमी?" कस्तुराबाईनं दगडाबाईला विचारलं.

"कमी हाय," दगडाबाई म्हणाली. "हात आखडू नको असंबी मी म्हणले व्हते. ते घाल."

कस्तुराबाईनं ते वाक्य तिथंच उभ्या उभ्या लिहून घातलं. सगळे थांबले. मग दगडाबाईनं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला, दाबून. विशाखानं सही केली. अंगठ्याची शाई पुसायला विशाखानं आपला पदर पुढं केला, तर दगडाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. निघंल."

मंजुरी यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत कस्तुराबाई प्रत्येक सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन बसली. भाऊसाहेब म्हणायचे, आलं की कळवतो. ती म्हणायची, कळवायला कशाला येताल, मी इथंच हाय की. शेवटी तिसऱ्या सोमवारी त्यांनी तिच्यासाठी चहा सांगायला सुरुवात केली, आणि पाचव्या सोमवारी स्वतःच तालुक्याला जाऊन कागद घेऊन आले.

गावात ज्यांना बोलायचं होतं ते बोलले. आजीनं पाणी पाजलं, हे आता सगळ्यांना माहीत होतं, कारण तिनंच ते वाचून दाखवलं होतं. गिरणीवर एकीनं तो विषय काढला तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, "हां, मीच पाजलं. तुझ्या घरी लेकरं हाईत ना? मग कसं वळखायचं ते ऐकून जा." आणि दळण होईपर्यंत तिला सांगत राहिली. विशाखा त्या वर्षी पुन्हा वेचणीला गेली.

भाऊसाहेबांनी नोंदवही उघडली. उष्माघात हा शब्द तसाच ठेवून शेजारच्या समासात लिहायला घेतलं. कस्तुराबाई टेबलाच्या त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"वर पाठवलेल्या कागदाचं काय?" तिनं विचारलं.

"पत्र देतो जिल्ह्याला. पण मागचं साल बंद झालंय आजी. त्यांनी आकडा बदलला न्हाई, तर माझा इलाज न्हाई."

"मग मी जिल्ह्याला जाईन. यष्टी जाती की तिथं. लिव्हा तुमी."

त्यांनी लिहिलं. या कारणात पोटफोड्या ष नव्हता, बोट अडेल असं काही नव्हतं. कस्तुराबाईनं बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि मगच त्यांना सही करू दिली.

अर्पिता सिद्धोधन खंदारे, वय सहा वर्षे, दहा डिसेंबर दोन हजार बावीस रोजी, शनिवारी सकाळी, मूत्रपिंडाच्या दाहानं वारली.